इकेजिमे आणि हेतूचा प्रश्न
पकडलेला मासा नावेवर तडफडत मरू दिला, तर त्याच्या स्नायूंतील एटीपी हे ऊर्जा पुरवणारे द्रव्य लवकर संपते, दुग्धाम्ल साचते, शरीर लवकर ताठरते आणि मांसाची प्रत उतरते. म्हणून जपानी मच्छीमार ‘इकेजिमे’ ही पद्धत वापरतात, जिच्यात मेंदूत टोचा खुपसून मासा तत्क्षणी निश्चेष्ट केला जातो, कल्ल्यांजवळ कापून रक्त वाहू दिले जाते, पुष्कळदा मज्जारज्जूत तारही घातली जाते आणि मगच तो बर्फाच्या पाण्यात ठेवला जातो. यातून माशाची वेदना बहुधा कमी होते, परंतु ती कमी व्हावी हा या पद्धतीचा मूळ उद्देश नव्हे, आणि नीतिविचाराची खरी अडचण येथेच आहे. बौद्ध विचारात कर्माचे मूळ ‘चेतना’, म्हणजे कृतीमागचा संकल्प, मानले जाते. त्या कसोटीवर चवीसाठी दिलेले झटपट मरण करुणेच्या खात्यावर जमा होत नाही. परिणामवादी, म्हणजे कृतीचे मूल्य फळावरून ठरवणारा, हेतूची चौकशीच करणार नाही. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मांस विकतो, पण आपण स्वतः प्राणी मारत नाही असे सांगतो; ही पळवाट (ती पळवाटच आहे) नावेवर स्वतः मासा मारणाऱ्याला उपलब्ध नसते. जपानमध्ये माशांसाठी ‘कुयो’ हा स्मरणविधी केला जातो, ज्यात मासेमारी सोडण्याची प्रतिज्ञा नसते, तर कृतज्ञता असते. तर्काला ती विसंगती वाटेल, परंतु हेतू एका कृतीपुरता न मोजता संबंध जीवनक्रमात मोजला, तर ती तितकी उघड राहत नाही.