गर्भाची हाडे आणि आईचा चहा

गर्भाची हाडे कोणाकडून येतात, या प्रश्नाला चरकसंहितेच्या शारीरस्थानात थेट उत्तर आहे. केस, नखे, दात आणि हाडे पित्याकडून. त्वचा, रक्त, मांस, हृदय मातेकडून. शरीराची वाढ मात्र रसातून, म्हणजे आई जे खाते-पिते त्यातून. आत्मा, सात्म्य (शरीराला मानवणारे) आणि सत्त्व (मन) धरून गर्भाची कारणे सहा. अनेक भाग जुळून रथ उभा राहावा तसा गर्भ घडतो, असे चरक सांगतो. आईच्या चहा-कॉफीतल्या कॅफिनचा बाळाच्या हाडांशी संबंध तपासताना हा विचार जुना वाटत नाही.

कॅफिन वार सहज ओलांडते. ते मोडणारे यकृतातले विकर गर्भात जवळजवळ नसते, आणि आईच्या शरीरातही गरोदरपणात ते सावकाश मोडते. एरवी चार-पाच तासांत निम्मे होणाऱ्या कॅफिनला शेवटच्या तिमाहीत निम्मे व्हायला 15 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. चीनमधील वुहान येथे उंदरांवर झालेल्या प्रयोगांत गर्भावर स्टेरॉइड संप्रेरकांचा भार वाढला, वाढीला लागणारा आयजीएफ-1 हा घटक घटला आणि लांब हाडांच्या टोकांची कूर्चा हाडात रूपांतरित व्हायला उशीर झाला. प्रयोगांतली मात्रा माणसाच्या रोजच्या चहाच्या कितीतरी पट होती, हे विसरता कामा नये. माणसांतला पुरावा सौम्य आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या 2010 च्या अभ्यासात जास्त कॅफिन घेणाऱ्या मातांच्या गर्भाच्या मांडीचे हाड आणि जन्मवेळची लांबी थोडी कमी आढळली. हा संबंध आहे. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही.

खात्री नसताना कर्तव्य कसे ठरवायचे? गर्भाची संमती घेता येत नाही, म्हणून संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, हे म्हणणे रास्त आहे. पण त्यातून सगळे काही वर्ज्य करण्याचा नियम निघत नाही. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भवतीला दोन हृदये असतात. तिचे डोहाळे डावलले तर मूल कुबडे, लंगडे किंवा खुजे होऊ शकते. कारणमीमांसा आज टिकणार नाही, पण तिच्या इच्छेला वजन आहे ही जाणीव खरी आहे. चरक आणखी पुढे जातो: इच्छा तीव्र असेल तर अहितकर वस्तूही हितकर वस्तूची जोड देऊन द्यावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन घेणाऱ्या गर्भवतींना ते कमी करायला सांगते, तर अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांची संघटना 200 च्या आत राहायला. दोन्हींचा रोख मर्यादेवर आहे, बंदीवर नाही. दीडशे मिलिलिटर चहात साधारण 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते, म्हणजे कडक चहाचे तीन कप झाले की 200 चा आकडा जवळ येतो.

ही मर्यादा घरात कोणी सांभाळायची, हे मध्य प्रदेशातल्या एका मराठी भागात पाहू. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कामकाज हिंदीत, घरातली बोली मराठी. त्यामुळे अंगणवाडीत गोदभराई आणि घरी डोहाळजेवण, दोन्ही होतात. दोन्हींत गर्भवती मध्यभागी असते आणि भोवतालचे तिची ओटी भरतात. पथ्याच्या वेळी मात्र हे भोवतालचे लोक गायब होतात आणि सगळा दोष तिच्या एका कपावर येतो, हा अन्याय आहे. पाहुणा आला की चहा, शेतावरून परतले की चहा. पत्ती किती टाकायची हे पुष्कळदा सासू ठरवते, आणि बायकोला दूध, डाळ पुरेशी मिळते की नाही याचे उत्तर नवऱ्याला द्यावे लागते. चरकाच्या सहा कारणांत आई एक आहे. रसाची जबाबदारी चूल चालवणाऱ्या सगळ्यांची आहे.

या भागात मर्यादा पाळणे अवघड नाही. चहात पत्ती कमी, दूध जास्त; दुसऱ्या कपाऐवजी ताक. जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या तासभर आधी-नंतर चहा नको, कारण त्यातले टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. उलट 'क' जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते, आणि ज्या संत्र्यांसाठी सौसर-पांढुर्ण्याच्या बागा ओळखल्या जातात त्यांत ते भरपूर असते.