दोन चित्रपट आणि आपला जॉन चाचा

शब्बाथ निघाल्यावर चार घरची मंडळी चहाला जमली की आमच्याकडे एक जुना वाद हटकून निघतो: 'दो बिघा जमीन' (१९५३) सरस की 'बूट पॉलिश' (१९५४)? फिल्मफेअरने आधी पहिल्याला उत्कृष्ट चित्रपट ठरविले, पुढल्या वर्षी दुसऱ्याला. म्हणजे तिथेही निकाल नाहीच!

आम्ही आजवर 'बूट पॉलिश'च्या बाजूचे. कारण उघड आहे. त्यातला जॉन चाचा म्हणजे आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर. भीक मागू नका, कष्ट करा, असे ते भोला आणि बेलूला शिकवितात, तेव्हा आमची मान ताठ होते. पण आपला माणूस आहे म्हणून चित्रपट मोठा, हा न्याय झाला का?

बिमल रॉय यांचा शंभू कष्टच करतो. कलकत्त्यात रिक्षा ओढतो, त्याचा मुलगाही बूट पॉलिश करतो. तरी जमीन जाते ती जातेच. वॉर्डात आम्ही अशी माणसे पाहिली. औषध वेळेवर घेतले, पथ्य पाळले, आणि गेली. त्यांच्या बायकांना "प्रयत्नाला यश येतेच" असे सांगायला आमची जीभ कधी रेटली नाही.

आणि 'बूट पॉलिश'मध्ये तरी मुलांना अखेर तारते कोण? ब्रश नव्हे, एका श्रीमंत घराची दया. हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. नातवंडांना अजूनही आम्ही तोच चित्रपट दाखवू. मत मात्र आता शंभूला.

"डेव्हिडला सोडलेस ना?" असे म्हणून यजमान रुसले आहेत.