नाव कुणाचं, सूर कुणाचे?

थेलोनियस मंकची ‘राउंड मिडनाइट’ ऐकली नसेल, तर आज रात्री हेडफोन लावून ऐकाच. ही धून पहिल्यांदा रेकॉर्ड केली ती मंकने नव्हे, तर १९४४ मध्ये ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्सच्या बँडने. विल्यम्सने मध्ये थोडी सुरावट घातली आणि सहसंगीतकार म्हणून त्याचं नाव लागलं. ती सुरावट आज सहसा कुणी वाजवत नाही, नाव मात्र टिकलंय. उलट डिझी गिलेस्पीने जोडलेली सुरुवात इतकी रुजली की पुढे खुद्द मंकही ती वाजवू लागला. श्रेयात मात्र गिलेस्पी नाही.

मग श्रेय म्हणजे काय? नियमाने बघितलं तर विल्यम्सने काही चोरलं नाही, त्याने भर घातलीच होती.

हाच युक्तिवाद मी स्वतःशी केलाय. टीममधल्या ज्युनिअरने लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये मी चाळीसेक ओळी घातल्या आणि डेमोच्या स्लाइडवर माझं नाव आधी टाकलं. तो काही बोलला नाही. पुढे माझ्या ओळी निघाल्या. त्याचा कोड अजून चालतोय.

१९५७ मध्ये स्टुडिओत एकटा बसून मंक हीच धून घडवत होता, थांबत, पुन्हा सुरू करत. जवळपास बावीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. धून त्याचीच, तरी ती हाती आली असं त्याने गृहीत धरलं नव्हतं. मी मात्र चाळीस ओळींवर हक्क सांगून मोकळा झालो होतो.

स्लाइड आता बदलता येणार नाही. त्याच्याशी बोलता येईल, आणि ते अजून बाकी आहे.