कुंभाराचे गाढव

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा संगणक सुरू झाला नाही. एरवी बटण दाबले की पेटीतला पंखा घरघरतो, मग पडद्यावर उजेड येतो. त्या दिवशी काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, जोराने दाबले. (बहिऱ्याशी बोलताना आपण आवाज चढवतो, त्यातलाच हा प्रकार.) आणि मग मनात पहिला प्रश्न आला तो 'काय बिघडले?' असा नव्हे, 'कोणी बिघडवले?' असा.

उत्तरही तयारच होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी आदल्या दिवशी टेबलाखालची जागा ओल्या फडक्याने पुसली होती, आणि संगणकाची पेटी तिथेच असते. काल चालू होता, काल पुसले, आज बंद. मावशी आल्या तेव्हा मी म्हणालो, "विजेच्या वस्तूला ओले फडके लावू नये, एवढेही कळत नाही का?"

"काका, मी त्याला हात नाही लावला. खालची फरशी पुसली फक्त."

मी पुढे बोललो नाही. पण माझा विश्वास बसलेला नाही हे त्यांना कळावे, इतपत वेळ गप्प उभा राहिलो. त्या दिवशी आमच्या घरातली भांडी आवाज न करता घासली गेली.

मी पस्तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, हे इथे कबूल केले पाहिजे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे आपल्याकडे शेतावरच्या गड्यालाही ठाऊक असते. नैयायिकांनी तर कारणाचा विचार करताना कुंभाराच्या गाढवालाच साक्षीला उभे केले आहे. माती गाढवाच्या पाठीवरून येते; मडके घडण्याआधी ते दारात हजर असते. तरीही ते मडक्याचे कारण नव्हे, कारण गाढवावाचूनही मडकी घडतात. अशा, आधी असून कारण नसलेल्या गोष्टीला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटले. हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल कोण जाणे! घरात मात्र पहिल्याच प्रसंगी मी गाढवाला दोरी लावून मोकळा झालो.

दोन दिवसांनी दुरुस्तीला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला. मी त्याला फडक्याची हकीकत सांगू लागलो. त्याने ती ऐकली की नाही कळले नाही. त्याने माझा टेबलावरचा दिवा त्याच सॉकेटात लावून पाहिला. दिवा लागला. मग पडद्याची केबल काढून पेटीला लावली. काही नाही. पेटीमागचे छोटे बटण चालूच होते. मग त्याने झाकण उघडले, पुढच्या बटणाकडून येणाऱ्या दोन बारीक तारा काढल्या आणि तिथल्या दोन पिनांना पेचकसाचे टोक टेकवले.

"हे कशाला?" मी विचारले.

"काका, हे बटण वीज जोडत-तोडत नाही. ते नुसता निरोप देतं."

१९९५ साली आलेल्या एटीएक्स रचनेपासून हे असेच आहे, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत आतला पुरवठा अर्धवट जागा असतो. २३० व्होल्टमधून पाच व्होल्टची एक बारीक धार तो रात्रंदिवस राखून ठेवतो. निरोप पोचला की मग बाकीचा जागा होतो. त्या मुलाने जांभळ्या तारेवर मीटर लावला. पाचाच्या जागी दोनसुद्धा दाखवीना. पिशवीतला दुसरा पुरवठा त्याने जोडला, पंखा फिरला. तो काढून त्याने पुन्हा आमचा जुना लावला, पंखा थांबला.

"चालला ना! मग जुना परत का लावलास?"

"खात्री करायला. काढताघालताना एखादी सैल पिन नीट बसली असली, तर उगाच सप्लायचं नाव व्हायचं."

अन्वय आणि व्यतिरेक! हे असता ते होते, हे नसता ते होत नाही. माझ्या वर्गातल्या कोणी हे इतक्या मनापासून केलेले मला आठवत नाही. एका निर्जीव डब्यावर खोटा आळ येऊ नये म्हणून तो मुलगा दोनदा चार स्क्रू पिळत होता.

दुकानात नेऊन त्याने तो डबा उघडला आणि मला एक बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर दाखवला. त्याचे सपाट डोके फुगले होते. नऊ वर्षांच्या उष्णतेने आतला द्रव सुकत गेला होता. पाण्याचा कुठे मागमूस नव्हता. "रात्री भिंतीवरचं बटण बंद करत असता, तर थोडा जास्त टिकला असता," तो सहज म्हणाला. मी लगेच म्हणालो, "वय झाले होते रे त्याचे." हे वाक्य माझ्या तोंडून किती चटकन आले, ते घरी येईपर्यंत मला जाणवले नाही. मावशींच्या वाट्याला गुन्हा आला होता. माझ्या वाट्याला यंत्राचे वार्धक्य आले.

मी मावशींना सांगितले, की बिघाड आतला होता, तुमचा त्यात काही दोष नव्हता. त्या म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं की, काका." खरेच म्हटले होते. मीटरचा काटा मी क्षणात मानला; त्यांचा शब्द चार दिवस खोळंबला होता.

पण मला खरे टोचते ते निराळेच. समजा, पाण्याचा एखादा थेंब खरोखर आत गेला असता, तर? माझे अनुमान बरोबर ठरले असते, आणि मी त्या बोलण्याबद्दल पुन्हा विचारही केला नसता. टेबलाखालून पुसा असे मीच सांगितले होते. वायर मी काढून ठेवली नव्हती. तर्क बरोबर निघाला म्हणून ते वाक्य, ते गप्प उभे राहणे न्याय्य झाले असते का? आणि पुरवठा काढून परत लावून पाहता येतो. सोमवारची सकाळ काढून तिच्या जागी दुसरी लावून पाहता येत नाही.

संगणक उत्तम चालतो आहे. हा लेख त्यावरच लिहितो आहे. रात्री भिंतीवरचे बटण मी आठवणीने बंद करतो. मावशी फरशी पुसतात, पण पेटीभोवती हातभर जागा सोडतात. तिथेही पुसा म्हणून मी दोनदा सांगितले. त्या "हो काका" म्हणतात, आणि फडके त्या धुळीच्या चौकोनाला वळसा घालून पुढे जाते.