शेतांतील झाड आणि कुऱ्हाड

शास्त्रपाठ : अनुवाद २०:१९, २०



आमच्या मंडळीच्या आवारांत एक जुना आंबा होता. कांहीं वर्षांपूर्वीं प्रार्थनामंदिराच्या छपराला पैसा कमी पडला, तेव्हां मींच तो लांकडाच्या व्यापाऱ्यास विकला. सरकारी परवानगी मागितली नाहीं. देवाच्या घरासाठीं देवाचें झाड, असें म्हणून मीं आपल्या मनाचें समाधान केलें. त्या झाडाच्या कैऱ्या विकून मंडळींतील एक विधवा बहीण उन्हाळ्याचे दोन महिने काढीत असे. तिनें मला दोषाचा एक शब्दहि लाविला नाहीं. मात्र दोन रविवार ती उपासनेस आली नाहीं.

त्यानंतर हा पाठ मी पुनः वाचला. मवाबाच्या मैदानांत मोशे लोकांस युद्धाचे नियम सांगत आहे. एखाद्या नगराला दीर्घकाळ वेढा पडला, तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये; तीं कांहीं शत्रु नव्हेत, आणि त्यांचेंच फळ तुम्हांस खावयाचें आहे. ज्या झाडाला खाण्याजोगें फळ नाहीं तें तोडून वेढ्याच्या कामास लावण्याची मात्र मोकळीक आहे. पाहा, देव लांकडाचा उपयोग बंद करीत नाहीं. तोडणाऱ्यास आधीं विचार करावयास लावितो. आणि हें केव्हां? रागानें आंधळें होण्याची जी वेळ, त्या वेळीं! इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमेस वेढा दिला, तेव्हां नगराभोंवतीं सुमारें १६ किलोमीटरपर्यंत झाडें उरलीं नव्हतीं, असें योसेफस हा इतिहासकार लिहितो.

आपल्या महाराष्ट्रांतहि १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर इत्यादि झाडें त्याच्या अनुसूचींत आहेत. तीं स्वतःच्या शेतांत असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. झाड वाळलें, रोगानें पोखरलें किंवा जीवितास धोकादायक झालें, तर परवानगीचा मार्ग मोकळा आहे. त्या जागीं दुसरें लावण्याची अट मात्र घालतां येते.

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, मुलीचें लग्न दारांत आहे, आणि व्यापारी रोख पैसे घेऊन उभा आहे.” बंधो, तुमची अडचण मी हलकी मानीत नाहीं, कचेरीचे हेलपाटेहि मला ठाऊक आहेत. परंतु रात्रीं झाड पाडणाऱ्या माणसास तो व्यापारी पुरता भाव देत नाहीं, कारण हा तक्रार करूं शकत नाहीं हें त्याला पक्कें माहीत असतें. चोरून केलेल्या व्यवहारांत गरीबच अधिक नागवला जातो. लूक १३ मधील माळ्यानें तर निष्फळ अंजिरासाठींहि आणखी एक वर्ष मागून घेतलें, आणि आळें खणून खत घालण्याचें काम स्वतःच्या अंगावर घेतलें.

उपदेशकांस माझी विनंती आहे कीं, अनुसूचींतील झाडांचीं नांवें एकदां मंडळींत वाचून दाखवावीं, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज स्वतः लिहून द्यावा.

आमच्या आवारांत त्याच जागीं आतां कोयीचीं दोन रोपें आहेत. मीं त्या बहिणीची क्षमा मागितली. रोपांना पाणी तीच घालते. कैऱ्या यावयास अजून पुष्कळ वर्षें आहेत.