मेलेल्यांचा पत्ता

वसईच्या ख्रिस्ती गावांत २ नोव्हेंबरच्या आधी दफनभूमीत वर्दळ वाढते. गवत उपटलं जातं, क्रूस धुऊन निघतात, झेंडूच्या माळा येतात. मग मिस्सा, फादरांचं थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडणं, आणि अंधार पडताना मेणबत्त्या. बायका-मुलं सगळी तिथंच असतात. ही प्रथा अकराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठातून पसरली. मृत सगळ्यांचे, ही तिची मूळ कल्पना. ज्याचं कुणी उरलं नाही त्याच्यासाठीही त्या दिवशी प्रार्थना होते.

यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे थडगं असतं, आपल्याकडे राख. पण मुंबई-ठाण्याच्या दफनभूम्यांत जागा इतकी अपुरी आहे की बऱ्याच ठिकाणी काही वर्षांत तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि आधीची हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातात. तरी माणसं येतात. त्यांना बांधून ठेवते ती ठरलेली तारीख आणि चारचौघांत आठवण काढण्याची मुभा.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नेमकं हेच नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाने आपली पहिली वसाहत इथं उभारली. कोकणातून, घाटावरून माणसं आली, किसननगर-इंदिरानगरच्या खोल्यांत राहिली. सुरुवातीला कुणी गेलं तर दिवस गावी होत, भाद्रपदात म्हाळही गावीच, भावकीत. आता त्यांची नातवंडं ठाणेकर आहेत, गावच्या घराला कुलूप आहे, आणि म्हाळ किचनच्या ओट्यावर उरकून पान खिडकीच्या ग्रिलवर ठेवलं जातं. (कावळ्याला मात्र ग्रिल चालतं.) ज्या वस्तीत माणसाने तीस वर्षं पाळ्या केल्या, तिथं तो गेल्याचा मागमूस राहत नाही.

स्मशानात मागे वळून पाहायचं नसतं, देह म्हणजे जुनं वस्त्र, हे उत्तर मला ठाऊक आहे. ते पूर्ण पटत नाही. आळंदीला आपण जातो ते समाधीपाशीच. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागेची चैत्यभूमी झाली. दर ६ डिसेंबरला लाखो माणसं तिथं लोटतात, पोरंबाळं घेऊन, पुस्तकं विकत घेत. म्हणजे जागेचं आपल्याला वावडं नाही. फक्त ती संतांना आणि महापुरुषांना मिळते. फिटरला, हेल्परला नाही.

पंचांग याबाबत महापालिकेहून उदार आहे. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी आहे, तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. तिच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी शस्त्राने वा अपघाताने मेलेल्यांची. प्रेस मशिनखाली, बॉयलरपाशी, विजेच्या धक्क्याने माणसं जातात त्या कारखानदारीच्या वस्तीत या तिथीला कुणी सामुदायिक अर्थ दिला नाही, याचं नवल वाटतं. जगभरच्या कामगार संघटना २८ एप्रिलला कामावर मेलेल्यांची आठवण काढतात. आपल्याकडे त्यासाठी तिथी आधीपासून होती, पण ती घरातल्या ताटापुरती राहिली.

शहराच्या आराखड्यात स्मशान म्हणजे विल्हेवाटीची सोय: लाकूड, गॅसदाहिनी, पाण्याचा नळ, नोंदवही. माणसाने पुढच्या वर्षी परत यावं असं तिथं काही नसतं. खरं तर फार काही लागतही नाही. सर्वपित्रीला दार सबंध दिवस उघडं ठेवावं, सावलीला मांडव घालावा, आणि ज्यांच्या घरच्यांची हरकत नसेल त्यांची वर्षभरातली नावं नोंदवहीतून मोठ्याने वाचावीत. भटजी हवा त्याने आणावा, नको त्याने नुसतं फूल ठेवावं. बायकांनी यावं की नाही हा प्रश्न तर निघूच नये. करोनाच्या काळात कितीतरी घरांतल्या लेकींनीच अग्नी दिला. आणि आदल्या दिवशीची चतुर्दशी कामगार संघटनांनी मागून घ्यावी. त्या दिवशी नावासोबत कारखान्याचंही नाव वाचलं जावं. मालकांना ते आवडणार नाही, तरीही.