ग्रॅनाइटचं वय विचारताना

‘शोले’तल्या गब्बरचा अड्डा ज्या खडकांत होता ते रामनगरचे खडक बंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवर आहेत. कंपनी सरकारच्या काळात या गावाला म्हैसूरचे रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्यावरून क्लोजपेट नाव मिळालं. गावाचं नाव पुढे बदललं, भूविज्ञानात मात्र ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ टिकून राहिला. दक्षिणोत्तर सुमारे ४०० किलोमीटर पसरलेल्या या पट्ट्याचं वय सुमारे २५२ कोटी वर्षं सांगितलं जातं. एवढा मोठा आकडा ऐकला की आपण मनातल्या मनात हात जोडतो आणि पुढे सरकतो. हे वय नेमकं कशाचं, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट जमिनीवर येऊन थिजला. एखादा लाव्हाचा थर कधी वाहिला, याला ढोबळ का होईना, एक उत्तर असतं. ग्रॅनाइट जन्मतो तो कित्येक किलोमीटर खोल, आधीच्या खडकांत घुसलेल्या शिलारसातून. वर जाड पांघरूण असल्याने तो फार सावकाश निवतो, म्हणून तर त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसण्याइतके वाढतात. शिलारस एका खेपेत येतो असंही नाही. पहिली खेप निवत असताना दुसरी तिच्यात शिरते. मग जन्म कोणता मानायचा?

अठराव्या शतकात तर वाद याहून मूलभूत होता. जर्मनीतल्या वेर्नरच्या पंथाला ग्रॅनाइट हा आदिम समुद्रातून साचलेला, सर्वांत जुना खडक वाटे. १७८५ मध्ये जेम्स हटन स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टच्या खोऱ्यात गेला आणि तिथे त्याला तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकाला छेदून गेलेल्या दिसल्या. त्याला इतका हर्ष झाला, की सोबतच्या वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याचांदीची खाण लागली. जो छेदतो तो नंतरचा, हे त्यातलं तर्कशास्त्र आजही प्रत्येक नकाशाच्या मुळाशी आहे. पण त्यातून क्रम कळतो. अंतर कळत नाही.

अंतर मोजायला किरणोत्सार लागला: युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. १९११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आर्थर होम्सने नॉर्वेतल्या ओस्लो परिसरातल्या अंतर्वेधी, म्हणजे आधीच्या खडकांत घुसून थिजलेल्या, खडकाच्या खनिजांमधलं युरेनियम आणि शिसं मोजलं आणि ३७ कोटी वर्षं हा आकडा काढला. तोवर केल्विनसारखा दिग्गज अख्ख्या पृथ्वीलाच दोन ते चार कोटी वर्षं देत होता. आज त्याच परिसरातले ते खडक सुमारे २८ ते ३० कोटी वर्षांचे मानले जातात. होम्सने सगळं शिसं युरेनियमपासूनच झालं असं धरलं होतं, आणि समस्थानिकांची कल्पना पुढे आली ती १९१३ मध्ये. म्हणून त्याचा आकडा चुकला हे मला दुय्यम वाटतं. खडकाच्या आतच घड्याळ आहे, हे त्याला नीट कळलं होतं.

हे घड्याळ सर्वांत चांगलं चालतं झिर्कॉनमध्ये. झिर्कॉन म्हणजे झिर्कोनियमचं सिलिकेट, बहुतेक ग्रॅनाइटांत सापडणारा, वाळूच्या कणाहूनही लहान असू शकणारा स्फटिक. तो शिलारसात वाढत असताना झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज बसतं, कारण दोघांचा विद्युतभार सारखा आणि आकारात फार फरक नाही. शिशाचा आयन मात्र मोठा आणि भारही वेगळा. त्याला स्फटिकात थारा मिळत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडतं ते जवळजवळ सगळं आतल्या युरेनियमपासून झालेलं. या कालगणनेचा सारा डोलारा रसायनशास्त्राच्या एका नकारावर उभा आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

शिवाय घड्याळं दोन. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५चं सुमारे ७० कोटी. दोघांपासून शिशाची दोन वेगळी समस्थानिकं होतात. दोन्ही उत्तरं जुळली तर शंका उरत नाही. न जुळली तर मध्येच कधीतरी शिसं निसटलं, आणि ते कधी निसटलं याचाही अंदाज बांधता येतो. जॉर्ज वेदरिलने १९५६ मध्ये त्यासाठी जी वक्ररेषा आखली ती आजही या विषयाच्या असंख्य शोधनिबंधांत दिसते. साक्षीदार खोटं बोलला तरी त्याच्या बोलण्यातली विसंगती उपयोगी पडावी, असा हा प्रकार.

त्याच्या काही वर्षं आधी जॉर्ज टिल्टन आणि क्लेअर पॅटरसन कॅनडातल्या ऑन्टारिओच्या एका प्राचीन ग्रॅनाइटमधलं युरेनियम आणि शिसं मोजत होते. टिल्टनचे युरेनियमचे आकडे ठीक येत, पॅटरसनचे शिशाचे भलतेच जास्त. खडकाचा दोष नव्हता. हवा, भांडी, रसायनं सगळीकडे शिसं होतं. अतिस्वच्छ प्रयोगशाळेची शिस्त यातून आली. पुढे याच पॅटरसनने उल्कांवरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं आणि पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध दीर्घ लढा दिला.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. जुना वाडा पाडून नवा बांधताना आधीच्या तुळया पुन्हा वापरतात. तुळईच्या लाकडावरून वाड्याचं वय काढलं तर फसगत ठरलेली. ग्रॅनाइटचंही तसंच. वितळलेल्या जुन्या खडकातला झिर्कॉन कधीकधी न वितळता नव्या शिलारसात उतरतो आणि त्याच्याभोवती नवं कवच वाढतं. कॅनबेरात विकसित झालेल्या आयन-सूक्ष्ममापक यंत्रामुळे गाभा आणि कवच यांची वयं स्वतंत्रपणे मोजता येऊ लागली. कॅनडातल्या अकास्टा नदीकाठचे, मुळात अंतर्वेधी असलेले खडक ४०३ कोटी वर्षांचे ठरले, आणि तिथल्याच एका झिर्कॉनमध्ये ४२० कोटी वर्षांचा अंश सापडला. यातलं वय कुणाचं घ्यायचं, हे यंत्र ठरवत नाही. स्फटिकाची रचना आणि रसायन वाचणारा माणूस ठरवतो.

दुसरीकडे, कृष्णाभ्रकातलं पोटॅशियम-आरगॉनचं घड्याळ खडक सुमारे ३०० अंश सेल्सियसखाली उतरल्यावरच चालू होतं, तर झिर्कॉनमधलं शिसं ९०० अंशांच्या आसपासही फारसं हलत नाही. १९७३ मध्ये मार्टिन डॉडसनने याचं गणित मांडलं. एकाच दगडातल्या दोन खनिजांची वयं कोट्यवधी वर्षांनी वेगळी आली, तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

आणि नुसत्या तारखेने भागत नाही. क्लोजपेटच्या आजूबाजूचा जुना पट्टिताश्म (नाइस) सोडियमने समृद्ध आहे. अशा खडकांत जड विरल मृदा मूलद्रव्यं कमी सापडतात. ती गार्नेटमध्ये मागे राहिली, म्हणजे मूळचा बेसॉल्ट बराच खोल वितळला, असं अनुमान निघतं. क्लोजपेट ग्रॅनाइट पोटॅशियमने समृद्ध, त्यात फेल्डस्पारचे ठसठशीत गुलाबी स्फटिक, आणि त्याच्या घडणीत प्रावरणातून आलेल्या द्रव्याचाही वाटा. आर्कियन महाकल्पाच्या अखेरीस इथलं भूकवच वेगळ्या रीतीने घडू लागलं होतं, हे त्या रसायनावरून कळतं. २५२ कोटी हा आकडा एकटा यातलं काहीच सांगू शकत नाही.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हा विषय पायाखाली आहे, फक्त दिसत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर आणि मग प्राचीन पाया लागला. कोयनेच्या तीन किलोमीटर खोल छिद्रात सुमारे १२४७ मीटरवर ग्रॅनाइटी पाया सुरू झाला. त्या परिसरातल्या गाभ्यांच्या झिर्कॉनचं वय सुमारे २७० कोटी वर्षं निघालं आहे. वरचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. कोयनेत या दोहोंमध्ये गाळाचा थर नाही, लाव्हा थेट पायावर बसला आहे. म्हणजे लाव्हा आला तेव्हा कित्येक किलोमीटर खोल जन्मलेला तो पाया उघडा पडलेला होता आणि त्याच्या वरचा सगळा खडक झिजून गेला होता. ती झीज कधी झाली, हे झिर्कॉनमधलं शिसं सांगू शकत नाही.